पाच टक्क्यांची हमी

विरारहून चर्चगेटकडे निघालेली गाडी नायगाव सोडते आणि डब्यातला आवाज बदलतो. चाकांखालची जमीन संपून पूल सुरू झालेला असतो. आधी खाडी, मग पाणजू बेट, पुन्हा खाडी आणि पलीकडे भाईंदर. गेली अठ्ठावीस वर्षे नोकरीच्या निमित्ताने मी हा पूल रोज दोनदा ओलांडतो आहे. एका सकाळी शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलाने माझ्या हातातले जुने पुस्तक पाहून विचारले, “काका, हे सगळं बांधायला पैसे इंग्रजांनीच घातले ना?” मी “हो” म्हणालो. मीरा रोड येईपर्यंत मला त्या ‘हो’ची लाज वाटू लागली. इतकी वर्षे मी वसईचा इतिहास चाळतो आहे. किल्ला, चिमाजीअप्पा, १७३९ची मोहीम यांवर तासभर बोलू शकतो. पण ज्या पुलामुळे आजची वसई-विरार उभी राहिली त्याचे पैसे कोणी दिले, हा साधा प्रश्न मी कधी नीट सोडवला नव्हता.

मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. जे काही समजले ते ग्रंथालयांत बसून, जुने अहवाल वाचून आणि चुकत-माकत. तरीही हा विषय वाचकांपुढे ठेवावासा वाटला, कारण दीडशे वर्षांपूर्वीचा तो व्यवहार आज नव्या नावाने आपल्या दारात आला आहे.

१. तीन प्रकारचा पैसा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई आणि तिच्या परिसरात लोकोपयोगी कामांत खाजगी पैसा तीन वाटांनी आला. तिन्ही वाटा एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या की चित्र स्पष्ट होते.

पहिली वाट दानाची. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी ओलांडताना होड्या उलटत, माणसे बुडत. कंपनी सरकार बांध घालण्याचा खर्च उचलायला तयार नव्हते. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५च्या सुमारास माहीमचा कॉजवे तयार झाला. अट एकच होती: येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही. या पैशाने परतावा मागितला नाही.

दुसरी वाट सट्ट्याची. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात आलेल्या पैशाला जागा हवी होती. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांत बॅक बे रेक्लमेशन कंपनी सर्वांत गाजली. प्रेमचंद रायचंद यांच्या नावावर लोक डोळे मिटून शेअर घेत होते. १८६५ साली युद्ध संपले, कापूस कोसळला आणि जुलैमध्ये मुंबईतल्या बड्या पेढ्या धडाधड बुडाल्या. या पैशामागे हमी कोणाचीच नव्हती. ज्यांनी घातला, त्यांचा गेला.

तिसरी वाट आपल्या खाडीवरून गेली. ती हमीची.

२. करार

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडची ‘बीबी अँड सीआय’, ही कंपनी १८५५ साली लंडनमध्ये स्थापन झाली. काम सुरू झाले सुरतेकडून. १८६० साली उत्राण ते अंकलेश्वर हा २९ मैलांचा पहिला तुकडा वाहतुकीला खुला झाला आणि १८६४च्या अखेरीस मुंबई सुरतेला जोडली गेली. वाटेत नर्मदा, तापी, वैतरणा आणि वसईची खाडी आडवी होती. कंपनीचे सल्लागार अभियंता कर्नल जॉन पिट केनेडी यांनी यावर ठरावीक उत्तर काढले. खालच्या टोकाला स्क्रूसारखे पाते असलेले ओतीव लोखंडाचे खांब गाळात पिळून उतरवायचे आणि त्यांवर साठ फुटी मापाचे वॉरन पद्धतीचे गर्डर टाकायचे. एकच माप असल्यामुळे सारे भाग इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणता येत. आज आपली गाडी जाते तो पूल त्या पिढीतला नाही, पण मार्ग तोच आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅक बेपर्यंत लोकल सुरू झाली. विरारकरांना मुंबईच्या लोकलचा अभिमान वाटतो तो या तारखेमुळे.

आता पैशाकडे वळू. लंडनचा भागधारक हजारो मैलांवरच्या, कधी न पाहिलेल्या खाडीत पैसे का टाकील? जोखीम मोठी होती. ती दूर केली १८४९ साली ईस्ट इंडियन आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला या दोन कंपन्यांशी झालेल्या करारांनी. पुढे बीबी अँड सीआयलाही त्याच धर्तीवर पाच टक्क्यांची हमी मिळाली. या कराराची मुख्य कलमे साध्या भाषेत अशी:

भागधारकांनी घातलेल्या भांडवलावर वर्षाला पाच टक्के व्याज मिळणारच. रेल्वेच्या नफ्यातून तेवढे निघाले नाही तर उरलेले हिंदुस्थान सरकार आपल्या महसुलातून भरील. जमीन सरकार फुकट देईल, ९९ वर्षांच्या मुदतीने. नफा पाच टक्क्यांच्या वर गेला तर वरच्या रकमेतला अर्धा भाग सरकारने आधी भरलेले व्याज फेडायला आणि अर्धा भागधारकांना. आणि धंदा जमला नाही तर कंपनी सहा महिन्यांची नोटीस देऊन रेल्वे सरकारच्या गळ्यात घालू शकेल व आपले मूळ भांडवल पुरते परत घेऊ शकेल.

हे शेवटचे कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा समजण्यात चूक होते आहे असे वाटून पुन्हा पुन्हा वाचले. चूक नव्हती. नफ्यात वाटा आहे, तोट्यात नाही आणि नको झाले तर मुद्दल परत. अशा गुंतवणुकीला ‘खाजगी साहस’ म्हणण्याचा प्रघात होता.

३. हिशेब

ज्याला तोटा होणार नाही तो खर्च जपून का करील? मैलाला ८,००० पौंड खर्च येईल असा अंदाज होता. पहिल्या हमीदार रेल्वेमार्गांना प्रत्यक्षात मैलामागे सरासरी १८,००० ते २०,००० पौंड लागले. पूर, गाळ, समुद्रात बुडालेला माल आणि १८५७चा उठाव ही कारणे खरीच होती. पण व्याज भांडवलावर मिळत असल्यामुळे खर्च वाढला तर भागधारकाचे काहीच बिघडत नव्हते.

एक ढोबळ गणित करून पाहू. मैलाला १८,००० पौंड धरले तर पाच टक्क्यांनी वर्षाचे व्याज ९०० पौंड. पौंडाला दहा रुपये हा त्या वेळचा साधारण भाव धरला तर ९,००० रुपये. नायगाव ते वैतरणा हे आपल्या तालुक्यातले अंतर सुमारे १३ मैल. म्हणजे रेल्वेला एक पैसाही नफा झाला नाही, तर फक्त या तुकड्यासाठी सरकारी तिजोरीवर वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास भार. हा आकडा कोणत्याही अहवालातला नाही. सरासरीवरून माझा मी काढलेला आहे आणि प्रत्यक्षात नफ्याइतका तो कमी होत असणार. पण हमीचे वजन हाताला लागावे म्हणून तो उपयोगी आहे.

सरकारी तिजोरी म्हणजे तरी काय? त्या काळी तिचा सर्वांत मोठा आधार शेतसारा. वसईच्या वाड्यांतला भात, केळी, ऊस, पानवेल पिकवणारा शेतकरी सारा भरीत होता. १८६८ साली या रेल्वे कंपन्यांचे भागधारक पन्नास हजारांच्या आसपास होते. त्यांत भारतीय चारशेसुद्धा नव्हते. नफा घेणाऱ्यांच्या यादीत आपण जवळजवळ नव्हतो, आणि हमी भरणाऱ्यांच्या यादीत मात्र सगळेच होतो.

पुढे एक नवी अडचण आली. व्याज लंडनला पौंडांत द्यायचे आणि सारा इथे चांदीच्या रुपयांत जमा व्हायचा. १८७०नंतर जगभर चांदी घसरत गेली. शतक संपताना रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्सवर स्थिर केला गेला, म्हणजे पौंडाला पंधरा रुपये. वरच्या गणितातले ९०० पौंड पूर्वी ९,००० रुपयांत भागत, त्यांना आता १३,५०० रुपये लागू लागले. रेल्वेचा एक रूळही वाढला नव्हता.

या व्यवस्थेवर बोट ठेवणारे पहिले लोक बंडखोर नव्हते. १८६९ साली व्हाइसरॉय लॉरेन्स यांनीच लिहून ठेवले की नफा कंपन्यांकडे जातो आणि तोटा सरकारकडे राहतो. त्याच सुमारास सरकारने स्वतः रेल्वे बांधायला सुरुवात केली. आपल्याकडे गणेश व्यंकटेश जोशी यांनी १८८०च्या दशकात पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात या प्रश्नावर आकड्यांनिशी लिहिले. जोशी व्यवसायाने सरकारी शाळांचे हेडमास्तर. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी जी साक्ष गाजवली तिच्यामागे या शाळामास्तराची आकडेमोड होती. दादाभाई नौरोजींनी हाच प्रश्न संपत्तीच्या ओघाच्या मोठ्या मांडणीत बसवला. रमेशचंद्र दत्त यांनी १९००पर्यंत रेल्वेपायी भारतीय करदात्याला चार कोटी पौंडांहून अधिक तोटा झाल्याचे नोंदवले आणि तो पैसा कालव्यांत घातला असता तर दुष्काळात माणसे वाचली असती असे म्हटले.

इथे एक सावधगिरी. कालव्यांनाही हमी देऊन झाली होती. मद्रास इरिगेशन कंपनीला दहा लाख पौंडांवर पाच टक्क्यांची हमी मिळाली. तिचा कर्नूल-कडप्पा कालवा रखडला, फसला आणि १८८२ साली सरकारला तो विकत घ्यावा लागला. तेव्हा दोष केवळ रेल्वेत नव्हता. दोष हमीच्या घडणीत होता.

४. आणि तरीही

इथेच थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण रोज त्या गाडीने जाणाऱ्याला इतके सरळ बोलता येत नाही.

रेल्वे कापसासाठी आली हे खरे. सुरत-भरूचचा कापूस मुंबई बंदरात आणि तिथून लँकेशायरला न्यायचा होता. पण एकदा रूळ पडले की त्यांवरून काय जाईल हे मालक एकटा ठरवू शकत नाही. वसईची केळी, आगाशीची सुकेळी, पानांच्या करंड्या, भाजी, फुले मुंबईच्या बाजारात जाऊ लागली. माणसे शाळा-कॉलेजांत, गिरण्यांत, कचेऱ्यांत जाऊ लागली. १९३६ साली विरारपर्यंत वीज आली आणि मुंबई आणखी जवळ झाली. १९०५च्या अखेरीस सरकारने ही रेल्वे विकत घेतली, कारभार मात्र १९४२ उजाडेपर्यंत कंपनीकडेच राहिला. त्या पुलाविना आजच्या वसई-विरारची कल्पनाच करता येत नाही.

म्हणून प्रश्न ‘परके भांडवल हवे की नको’ असा राहत नाही. पूल हवाच होता. प्रश्न एवढाच की त्याची हमी कोणत्या किमतीला दिली गेली आणि ती ठरवताना भरणाऱ्याला कोणी विचारले होते का.

५. पापडीचे उत्तर

याच रुळांच्या कडेला वसईने स्वतःचे एक उत्तर शोधले होते. १९१८ साली मॉन्सिनॉर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी स्थापन झाली. आजची पापडीची बसीन कॅथॉलिक बँक ती हीच. वाडीतला शेतकरी सावकाराच्या कचाट्यातून सुटावा हा हेतू. भाग घेणाराही गावातला, कर्ज घेणाराही गावातला. कोण कशासाठी पैसे नेतो, कोणाची केळी यंदा पडली, हे सगळ्यांना ठाऊक. लंडनच्या भागधारकाला खाडी दिसत नव्हती. इथे ऋणको रविवारी शेजारच्याच बाकावर बसत होता.

पण सहकाराची चळवळही हमीशिवाय वाढली नाही, हे मला नंतर कळले. १९११ साली विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांनी मुंबईत सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक उभी केली. पुढे तीच राज्य सहकारी बँक झाली. शहरातला पैसा खेड्यातल्या सोसायट्यांपर्यंत नेणे हे तिचे काम. तिच्या कर्जरोख्यांवरच्या चार टक्के व्याजाला सरकारची हमी होती. म्हणजे औषध तेच, मात्रा निराळी आणि रोगीही निराळा. इथे हमीच्या आधाराने आलेला पैसा सारा भरणाऱ्याच्याच हातात पडत होता.

अर्थात पापडीच्या सोसायटीला खाडीवर पूल बांधता आला नसता. गावचा पैसा विहीर, बैल, बी-बियाणे, घर यांपर्यंत पोचतो. मोठ्या कामाला मोठा आणि दूरचा पैसा लागतोच. सहकाराचे गोडवे गाताना हे विसरू नये.

६. पुन्हा तीच खाडी

१९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे जागतिक बँकेचा आराखडा ठरला. भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, महाडजवळच्या नाते गावचे. बँकेच्या घटनेतल्या उद्दिष्टांत एक स्पष्ट लिहिले आहे: हमी देऊन किंवा कर्जात सहभागी होऊन खाजगी परकीय गुंतवणुकीला चालना देणे. १८४९चा करार माहीत असलेल्या वाचकाला हे शब्द ओळखीचे वाटतील. १९४९ साली स्वतंत्र भारताने या बँकेकडून पहिले कर्ज घेतले, ३.४ कोटी डॉलरचे. तेही रेल्वेसाठीच.

२००२ साली मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला याच बँकेने ४६.३ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. बोरिवली ते विरार चार मार्गिका झाल्या त्या या प्रकल्पातून. आता बँक हा पैसा आणते कुठून? मुख्यतः जगाच्या बाजारात कर्जरोखे विकून. घेणारे असतात पेन्शन फंड, विमा कंपन्या, मोठ्या बँका. ते निर्धास्त असतात, कारण बँकेमागे सभासद देशांनी गरज पडल्यास द्यायचे कबूल केलेले भांडवल उभे असते. म्हणजे १८६४ प्रमाणेच २००२ नंतरही दूरच्या खाजगी गुंतवणूकदाराचा पैसा हमीच्या आधाराने वसईच्या खाडीपर्यंत आला.

फरक मात्र आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. व्याज उघडपणे ठरलेले आहे, वरच्या नफ्यात सावकाराचा वाटा नाही. रेल्वे आपलीच आहे. आणि दाद मागायला जागा आहे. याच प्रकल्पातल्या पुनर्वसनाबद्दल मुंबईतल्या विस्थापितांनी २००४ साली बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी केल्या आणि २००६ साली बँकेने रस्ते व पुनर्वसनाच्या कामांचा पैसा काही महिने रोखून धरला. १८६४ साली खाजणातली जमीन रुळांखाली गेलेल्या माणसाने कोणाकडे जायचे होते?

एक गोष्ट मात्र बदललेली नाही. कर्ज डॉलरचे, तिकीट रुपयांचे. २००२ साली डॉलरला अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास रुपये पडत. आज तो ऐंशीच्या पुढे आहे.

७. आजचा शब्द

२०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी सतरा शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारली. त्याआधी जुलैत अदिस अबाबा येथे पैशाचा विचार झाला. सरकारी मदतीतून एवढा खर्च निघणे शक्य नव्हते. विकसनशील देशांना वर्षाला अडीच लाख कोटी डॉलर कमी पडतात असा संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-विकास परिषदेचा अंदाज होता. तेव्हा विकास बँकांनी घोषणा दिली: अब्जांचे लाख कोटी करायचे. सरकारने थोडा पैसा आणि हमी घालून जोखीम उचलायची, मग त्यामागून खाजगी भांडवलाचा लोंढा येईल.

लोंढा आला नाही. लंडनच्या ओव्हरसीज डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटच्या २०१९च्या अभ्यासात, विकास बँकांच्या एका डॉलरमागे सरासरी ७५ सेंट खाजगी पैसा आल्याचे आढळले. सर्वांत गरीब देशांत तर केवळ ३७ सेंट. दरम्यान अदिस अबाबाची तूट चार लाख कोटींवर गेल्याचे सांगितले जाते. जिथे जोखीम कमी तिथेच खाजगी पैसा जातो, हे १८४९ सालीही खरे होते. तेव्हा तो हिंदुस्थानात आला कारण जोखीम शून्य करून दिली होती. आज कोणतेही स्वतंत्र सरकार तसे करू धजणार नाही, आणि धजू नये.

पण मधल्या वाटा निघतच असतात. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्गाचे काही टप्पे ‘हायब्रीड अॅन्युइटी’ पद्धतीने बांधले जात आहेत. चाळीस टक्के खर्च सरकार बांधकाम चालू असताना देते, उरलेला ठेकेदार घालतो आणि पुढे वर्षानुवर्षे हप्त्यांनी वसूल करतो. वाहने कमी धावली तर तोटा सरकारचा. ही पद्धत वाईट आहे असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की त्या कागदात हमी कुठे दडली आहे ते आपल्याला वाचता आले पाहिजे.

हमी चांगलीही असू शकते. आपल्या बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. तीही हमीच. पण तिला कमाल मर्यादा आहे आणि तिच्यासाठी बँकांना हप्ता भरावा लागतो. १८४९च्या हमीला या दोन्ही गोष्टी नव्हत्या. ती अमर्याद होती आणि फुकट होती. सारा इतिहास वाचून माझ्या हाती उरले ते चार प्रश्न: हमी कोणी दिली? ती भरणार कोण? तिची किंमत आणि मर्यादा किती? आणि चुकले तर दाद कुठे मागायची? पुलाच्या उद्घाटनाच्या दिवशी हे प्रश्न कोणी विचारीत नाही. ते कराराच्या दिवशीच विचारावे लागतात.

तो मुलगा मला पुन्हा भेटलेला नाही. भेटला तर माझे उत्तर दुरुस्त करायचे आहे. पैसे इंग्रजांनी घातले, हे अर्धे खरे. ते बुडणार नाहीत याची हमी मात्र आपल्या खापरपणजोबांनी भरली, कोणत्याही कागदावर सही न करता.